खाडीच्या चिखलाचा दुसरा तुकडा

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी खाडीच्या पाण्याने बांध फोडला आणि ते माझ्या दिरांच्या विहिरीत शिरलं. आम्हाला लखनऊमध्ये हे फोनवरून कळलं. फोन मी घेतला. दीर म्हणाले, "त्याला सांग, पाणी आत आलं." मी नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. त्याने ताटात हात धुतला आणि बराच वेळ उठला नाही.

माझा नवरा लखनऊच्या एका संशोधन संस्थेत होता. जुन्या चिखलात अडकलेले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे आणि त्यावरून त्या जागी हजारो वर्षांपूर्वी कोणती झाडं होती, पाणी गोडं होतं की खारं, हे ठरवायचं, असं त्याचं काम होतं. तिवरांचे पराग जास्त सापडले तर समुद्र जवळ होता, गवताचे जास्त सापडले तर तो मागे हटलेला होता. लखनऊच्या लष्करी छावणीतल्या मराठी कुटुंबांच्या गणपतीला आम्ही जायचो, तिथे दर वर्षी कोणीतरी त्याला विचारायचंच, "समुद्राचा अभ्यास करायला लखनऊ बरं सापडलं हो तुम्हाला!" तो म्हणायचा, "लांबून नीट दिसतो."

मी अलीगंजमधल्या एका शाळेत ग्रंथपाल होते. आम्ही दोघं पुण्याला एका वर्गात होतो, त्यामुळे एकमेकांना अरेतुरे करायचो. फक्त त्याच्या गावी गेलं की मी जाऊबाईंसमोर त्याला 'अहो' म्हणत असे, आणि तो हसू दाबायला दुसरीकडे बघायचा.

त्याचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात एका खाडीच्या काठी. खाडीलगतची भातशेती म्हणजे पूर्वजांनी समुद्राकडून घेतलेली जमीन. मातीचा लांब बांध घालून भरतीचं पाणी बाहेर अडवलेलं आणि बांधात लाकडी झडप बसवलेली. भरती आली की पाण्याच्या दाबाने झडप मिटते, ओहोटीला उघडून आतलं पावसाचं पाणी बाहेर जाऊ देते. तिला तिकडे उघाडी म्हणतात. बांध कोणा एकाचा नसतो. होळीनंतर प्रत्येक घरातून एक माणूस बांधावर जायचा, खचलेल्या जागी चिखल, पेंढा आणि दगड भरायचा. याला पाळी म्हणत. ज्याचं घर गावाबाहेर गेलं त्याची पाळी भावाने करायची. माझ्या नवऱ्याची पाळी पंचवीस वर्षं दिरांनी केली. स्वतःची एक आणि त्याची एक. त्याबद्दल ते कधी अवाक्षर बोलले नाहीत, आणि नवऱ्याला नेमकं तेच सलायचं.

जुन्या घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा दिरांना वेगळं घर बांधायचं होतं. जागा दोन होत्या. एक वर कातळावर, जिथे पाणी खालून न्यावं लागलं असतं. दुसरी खाली माडांच्या बागेत, बांधापासून हाकेच्या अंतरावर. तिथे गोड्या पाण्याची विहीर होती. जाऊबाईंचा जीव त्या विहिरीत होता. दिरांनी नवऱ्याला विचारलं, "तू म्हणतोस समुद्र वर येतोय. मग मी वर जाऊ की खाली राहू?"

"थांब दादा," नवरा म्हणाला, "आधी चिखलाला विचारतो."

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. आम्ही डिसेंबरात गेलो. बांधाबाहेर, तिवरांच्या मधल्या दलदलीत, त्याने गावातल्या दोघांच्या मदतीने एक लांब प्लास्टिकची नळी सरळ खाली दाबून घातली आणि चिखलाने भरलेली तशीच वर ओढली. वरचा चिखल आजचा, तळाचा कित्येक शतकांपूर्वीचा. रेल्वेने न्यायची म्हणून नळीचे चार तुकडे केले. प्रत्येकाच्या दोन्ही तोंडांना फडकी बांधली. मी ओसरीवर बसून प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घातला आणि वरची बाजू कोणती ते दाखवणारा बाण काढला. माझं अक्षर चांगलं, म्हणून हे काम नेहमी माझ्याकडे असायचं.

निघायच्या दिवशी सकाळी ओसरीवर आले तर चारही नळ्या पांढऱ्याशुभ्र होत्या. जाऊबाईंनी त्या राख आणि काथ्या घेऊन घासल्या होत्या आणि उन्हात भिंतीला ओळीने उभ्या करून ठेवल्या होत्या. त्या घरातून कोणतीही वस्तू माखलेली बाहेर जात नसे. पाहुण्यांना दिलेल्या फणसाच्या देठाचा चीकसुद्धा त्या पुसून द्यायच्या.

"अगं, अशा नेणार होतात?" त्या मला म्हणाल्या. "गाडीतली माणसं काय म्हणतील? कोकणातून हे लोक गटार घेऊन चाललेत."

मी हसले. माझे क्रमांक आणि बाण धुऊन निघाले होते. नळ्या ज्या ओळीत ठेवल्या होत्या तीच ओळ मला आठवत होती. लांबीतही थोडा फरक होता, त्यामुळे क्रमांकाची शंका नव्हती. त्या उभ्या होत्या, म्हणून वरचं तोंड ते वरचं, असं धरून मी पुन्हा बाण काढले. नवरा रिक्षा आणायला गेला होता. तो आला तेव्हा सगळं बांधून तयार होतं. मी त्याला काही बोलले नाही. सांगण्याएवढं ते मला वाटलं नाही, आणि सांगितलं असतं तर तो जाऊबाईंवर चिडला असता, हेही होतं.

नमुन्यांचं वय काढून यायला वर्ष गेलं. आलेले आकडे बघून तो संस्थेतून लवकर घरी आला. आम्ही तेव्हा विकास नगरच्या घरात नुकते राहायला आलो होतो. त्याने चपला न काढता दिरांना फोन लावला. "खाली बांध, दादा. समुद्र चढतोय हे खरं, पण आपल्याकडचा चिखल त्याच्यापेक्षा लवकर चढतोय. चिखल चढत राहिला तर तिवरं टिकतात, आणि तिवरं टिकली तर लाट बांधाशी पोचेपर्यंत मोडते. आपल्या हयातीत पाणी येत नाही."

तो स्वभावाने फार सावध माणूस होता. एका नळीवरून तो एरवी परीक्षकांसमोरसुद्धा काही बोलला नसता. पण भावाला द्यायला त्याच्याकडे पहिल्यांदाच काहीतरी होतं.

घर झालं. चिऱ्याच्या भिंती, कौलं, समोर विहीर. आम्ही वास्तुशांतीला गेलो. जाऊबाईंनी विहिरीचं पाणी तांब्यात भरून मला दिलं आणि म्हणाल्या, "तुमच्या लखनऊला असं आहे?" नव्हतं, हे खरंच.

विकास नगरला आमच्या शेजाऱ्यांकडे जमिनीखालचं पाणी उपसणारा सबमर्सिबल पंप होता. निवृत्त कारकून, दिलदार माणूस. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी ते पाइप लावून आपल्या दारापुढचा रस्ता धुवायचे, मग आमच्या दारापुढचाही. नवरा एकदा त्यांना म्हणाला, "भाईसाहब, ये पानी वापस नीचे नहीं जाएगा. नाली से गोमती, गोमती से गंगा, फिर समंदर. ज़मीन का पानी निकालकर हम समंदर में डाल रहे हैं."

शेजाऱ्यांनी पाइप थांबवला नाही. "तो डॉक्टर साहब, आपका गाँव हमारा सबमर्सिबल डुबोएगा?"

"अकेला आपका नहीं."

"फिर ठीक है," ते म्हणाले. "मिलकर डुबोएँगे तो पाप बँट जाएगा."

नवरा हसला आणि आत आला. मी विचारलं तेव्हा त्याने मला ते सगळं नीट समजावलं. कोळसा आणि तेल जाळून हवा तापते, आणि त्या उष्णतेचा मोठा वाटा समुद्र पोटात घेतो. पाणी तापलं की फुगतं. थेंबभर फुगणं दिसत नाही, पण समुद्र खोल आहे. त्यात जमिनीवरचा बर्फ वितळून येतो. पाण्यावर तरंगणारा बर्फ वितळला तर फारसा फरक पडत नाही, जमिनीवरचा वितळला तर पडतो. "आणि मग पंप," तो म्हणाला. "पंपाचा वाटा लहान आहे. पण तो आपल्या दारातला आहे." मी विचारलं, इतकं करून वर्षाला चढतो किती? त्याने नखाचं वाढलेलं पांढरं टोक दाखवलं. नखाच्या टोकाएवढी ती गोष्ट ऐकून मला त्या वेळी हायसं वाटलं होतं.

दिरांचे फोन रविवारी यायचे. दोन-तीन वर्षांनी त्या फोनमध्ये बारीकसारीक गोष्टी येऊ लागल्या. भाताची टोकं पांढरी पडून जळताहेत. खालच्या रांगेतले माड अंगठ्याएवढी फळं गाळताहेत. बांधाआत, भाताच्या चोंढ्यात, तिवराची रोपं उगवली आहेत. हे ऐकवताना दीर हसत होते. "तुझी तिवरं आता माझ्या शेतात शिकायला आली रे." पाळीला माणसं मिळत नव्हती. निम्मी घरं मुंबईला गेली होती, आणि बांध आता वर्षातून दोनदा डागडुजी मागत होता. नवरा म्हणायचा, उघाडीचं लाकूड कुजलं असेल, खारं पाणी झडपेतून आत येतंय, झडप बदल. दिरांनी ती बदलली. पुढच्या रविवारी नवऱ्याने विचारलं, "आता?" ते म्हणाले, "आता झडप नवी आहे."

मग ऑगस्टमधला तो शुक्रवार आला. अमावास्येचं उधाण होतं, वरून पाऊस होता.

सोमवारी नवरा संस्थेत गेला आणि शीतगृहातून त्या नळ्या काढल्या. प्रत्येक नळी उभी चिरून अर्धी बाजू तपासणीला वापरतात, अर्धी जशीच्या तशी जपून ठेवतात. संध्याकाळी त्याने दुसऱ्या तुकड्याचा फोटो घरी आणून टेबलावर ठेवला. आमची मुलगी तेव्हा सुट्टीला घरी होती. तिला मराठी सगळं समजतं, पण ती बोलते हिंदीत.

"हे काय दिसतंय?" त्याने मला विचारलं.

करड्या चिखलात काळसर मुळं दिसत होती.

"मुळं."

"कुठल्या बाजूला बारीक होतायत?"

बाणाच्या बाजूला. मुळं वर जाताना बारीक होत गेली होती.

"मूळ कधी वर जाताना बारीक होत नाही," तो म्हणाला. "हा तुकडा उलटा आहे. तळाचा म्हणून मी जो चिखल पाठवला तो वरचा होता. वरचा, म्हणून वयाने लहान. म्हणून मला वाटलं की चिखल भराभर साचतोय." मग म्हणाला, "मुळं मी तेव्हाही बघितली होती. मला वाटलं, शेजारच्या झाडाची असतील. आडवी शिरली असतील." तो फोटोकडेच बघत होता. "बाण तुझ्या हातचा आहे."

मी सांगितलं. नळ्या धुतल्या गेल्या होत्या आणि मी अंदाजाने पुन्हा बाण काढले. कोणी धुतल्या ते सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. चिखलाने माखलेली वस्तू मीच धुतली असेन, असं त्याने धरलं असावं.

मुलगी म्हणाली, "तो मम्मा, उसी वक़्त बताया क्यों नहीं?"

मी फोटो उचलून बाणाची बाजू खाली केली. 

त्याने तुकडा सरळ धरून सगळं पुन्हा मोजलं. चिखल चढत होता, पण समुद्र त्याच्या पुढे होता. खाडीच्या तोंडाकडची तिवरं मरत होती, आणि मागे सरायला त्यांना जागा नव्हती, कारण मागे आपला बांध होता. तिवरं गेली की लाट थेट बांधावर. पाणी नखानखानेच चढलं होतं, पण पूर्वी बांधाच्या खांद्याशी थांबणारं उधाण आता माथ्यावरून जायचं, आणि एकदा माथ्यावरून गेलेलं पाणी माती घेऊनच जातं. ज्या नियतकालिकाने पुढे या नळीचे आकडे असलेला त्याचा लेख छापला होता त्याला त्याने स्वतःहून चूक कळवली. भावाला मात्र पत्र लिहिलं नाही. म्हणाला, हे तोंडाने सांगायचं.

हिवाळ्यात आम्ही गेलो. भाताच्या जागी पाणथळ होतं आणि त्यात गुडघाभर तिवरं. खालच्या रांगेतल्या माडांचे शेंडे गळून पडले होते. पूर्वी चोंढ्यात हिवाळी पाखरं उतरायची, ती आली नव्हती. विहिरीचं पाणी दिसायला होतं तसंच होतं. जाऊबाई रोज सकाळी वरच्या वाडीतून दोन कळश्या आणत होत्या. आम्ही चार दिवस राहणार म्हणून चार आणायला लागल्या. मी हातातली कळशी घ्यायला गेले तर म्हणाल्या, "तू राहू दे. तुला चढाची सवय नाही."

दोघे भाऊ बांधावर गेले. मी मागून चालत होते. खिंडार पडलेल्या जागेपाशी नवऱ्याने भावाला सगळं सांगितलं. नळी, तुकडा, बाण. 'आमच्याकडून' असं म्हणाला, माझं नाव घेतलं नाही. दीर पाण्याकडे बघत ऐकत होते. मग म्हणाले, "अरे, तुझ्या चिखलाचं ऐकून कोण घर बांधतं? खाली रस्ता जवळ म्हणून बांधलं. विहीर होती म्हणून बांधलं."

"दादा, तू मला विचारलं होतंस."

"विचारलं. तुला बरं वाटावं म्हणून." ते हसले. "तू तुझी परीक्षा नापास झालास, माझी कशाला घेतोस?"

नवरा रडेल असं मला वाटलं, पण तो रडला नाही. वाकून त्याने खिंडारातला एक दगड उचलला आणि जागेवर बसवला. मग दुसरा. दीर म्हणाले, "ते आता राहू दे." तरी तो बसवत राहिला, आणि थोड्या वेळाने दीरही वाकले. दोन म्हातारे, दोन पाळ्या. मला ते बघवेना, म्हणून मी घरी आले.

घरी जाऊबाई तांदूळ निवडत होत्या. बोलता बोलता त्यांना त्या नळ्या आठवल्या. "काय सापडलं गं त्यात शेवटी? एका नळीचं फडकं सैल होतं बघ. दुसरी ना ती? चिखल सांडू नये म्हणून मी ते तोंड वर करून ठेवली. नाहीतर सगळी ओसरी भरली असती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आपण किती नीट काम केलं ते कोणीतरी म्हणावं, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"बरं केलंत," मी म्हणाले.

परतीच्या गाडीत हे मी नवऱ्याला सांगू शकले असते. त्याने मला दोष दिला नव्हता, पण चूक माझ्या हातून झाली एवढं तो धरून होता, आणि ते मला सोपं होतं. जाऊबाईंनी ज्या घरासाठी एवढं केलं ते त्यांच्याच हातांमुळे गेलं, असं वाक्य एकदा बोललं गेलं असतं तर ते कधीतरी गावापर्यंत पोचलंच असतं. मी नाही सांगितलं. त्यानंतर तीन वर्षांनी तो लखनऊत गेला. हृदयाचा झटका होता. शेवटच्या वर्षी तो फारसा लिहीत नव्हता. संध्याकाळी बाहेर खुर्ची टाकून बसायचा, आणि शेजारी रस्ता धुवायला आले तर आत यायचा.

भाऊ गेल्यावर दिरांनी पाळी सोडली. बांधावर जायला तेव्हा गावात ते आणि आणखी एक म्हातारे एवढेच उरले होते. पुढच्या पावसाळ्यात पाणी ओसरीपर्यंत आलं. त्यांनी गवंडी लावून घराचे चिरे एकेक सोडवले, कौलं उतरवली आणि ते सामान वर कातळावर नेऊन दोन खोल्या उभ्या केल्या. मी फोनवर विचारलं, "भावजी, मी येऊ का?" ते म्हणाले, "येऊन काय बघणार? दगडच तर उचलायचेत." त्या खोल्यांत ते दीड वर्ष राहिले. ते गेल्यावर मी जाऊबाईंना लखनऊला आणलं.

त्या माझ्याकडे अडीच वर्षं होत्या. विकास नगरच्या बाजारात भैयाशी मराठीत भाव करायच्या, आणि भैया हिंदीत हरायचा. नळाचं पाणी पहिल्यांदा प्यायल्या तेव्हा तोंड वाकडं केलं. समुद्राचा विषय त्यांनी काढला नाही. एकदाच, दुपारी पडल्या पडल्या, मला विचारलं, "यांनी तुझ्या नवऱ्याचं ऐकून खाली घर बांधलं, असं गावात म्हणतात. खरं का गं?"

"नाही," मी म्हणाले. "भावजी म्हणाले होते, रस्ता जवळ होता म्हणून."

"मीच हट्ट धरला होता," त्या म्हणाल्या. "विहिरीसाठी." आणि कूस बदलली.

दोष घ्यायला नवरा, भावजी आणि मी, तिघं तयार होतो. जाऊबाई हट्टाचा दोष घेत होत्या, उलट्या नळीचा त्यांना माहीतच नव्हता, आणि तो त्यांचाही नव्हता, हे मला आता पटतं. पाणी चढत होतं. बाण बरोबर असता तर घर वर झालं असतं, एवढंच. शेत, माड आणि पाखरं तेव्हाही गेली असती. नवऱ्याला हे माझ्याआधी कळलं होतं, त्याचा त्याला उपयोग झाला नाही.

जाऊबाई गेल्यावर मी हे लिहायला घेतलं. गेल्या डिसेंबरात एकदा जाऊन आले. कातळावरच्या दोन खोल्यांना कुलूप आहे. खाली बांध नाही. त्याच्या जागी मातीचे तीन-चार उंचवटे आहेत, त्यांच्यामध्ये खाडी ये-जा करते. भाताची जमीन कागदावर दोघा भावांच्या नावावर आहे. आमच्या घरातलं आता तिथे कोणी राहत नाही.